पंचवीस होल

हे लिहायचं नाही असंच ठरवलं होतं. दोनदा सुरू केलं, दोनदा पुसलं. कारण यात दोन माणसं खोटी दिसतात आणि त्यातला एक मी आहे. पण आता गोष्ट फिरायला लागली. कोण म्हणतं रियाजने मालकाला फसवलं, कोण म्हणतं मीच त्याला शिकवलं. म्हणून म्हटलं, झालं तसं टाकून देऊ. भोरात एका झेरॉक्सच्या दुकानात कॉम्प्युटर आहे, गिऱ्हाईक नसलं की बसू देतात. गिऱ्हाईक आलं की उठायचं. त्यामुळं तुकड्यातुकड्यानं लिहितोय.

मी कुमार. भोंगवलीचा. कापूरहोळला ट्रॅक्टरच्या गॅरेजात कामाला होतो. तिथं हायवेच्या कामावरची जॅकहॅमर मशिनं रिपेरीला यायची. खडकात होल मारायचं मशिन. कंप्रेसरची हवा पायपातून येते, आत पिस्टन वरखाली होतो आणि खाली रॉडच्या डोक्यावर आपटतो. मिनिटाला दोन-एक हजार ठोके. मला कुणी शिकवलं नाही. एक भंगारातलं मशिन घेतलं, सोळा वेळा खोललं, सोळा वेळा जोडलं. सतराव्यांदा कळलं की ठोका मारून झाल्यावर जुनी हवा बाहेर जायला जागा कमी पडते. हवा आत कोंडते, पिस्टन वर जाताना कुचंबतो. मग पुढचा ठोका दमाचा बसत नाही.

हवा बाहेर पडायचं भोक कानशीनं घासून मोठं केलं. पिस्टनचं तोंड खड्डा पडून वाटीसारखं झालं होतं, ते सपाट करून आणलं. पायपाचे गळके जोड बदलले. एवढंच. यात काही मोठं नाही, पण मला ते लई मोठं वाटत होतं.

दोन हजार तीनचा डिसेंबर. कुंडलिक मालकांनी वेल्ह्याकडं कालव्याचं काम घेतलं होतं. डोंगराच्या कडेनं काळा कातळ फोडत जायचं. त्यांची सहा मशिनं, त्यातली दोन या कामावर. एक भिमाकडं, एक रियाजकडं. रियाज भोरचा, माझा दोस्त. मशिन रिपेरीला घेऊन यायचा, तिथंच ओळख झाली. त्यानंच मालकांना सांगितलं, "कापूरहोळला एक डोकेबाज हाय, मशिनचा जोर वाढवतो."

कामावरच्या बाळाबाई मावशींच्या चहाच्या छपरात बोलणं झालं. सगळे होते.

मालक म्हणाले, "आत्ता दिसाला अठरा होल हुत्यात एका मशिनीवर. पाच-पाच फुटाचे. तुज्यानं किती हुतील?"

मी म्हणालो, "पंचवीस."

हा आकडा कुठून आला ते मला आजपण सांगता येत नाही. तोंडातून गेला. मी मोजलं नव्हतं. मोजायला तसा कातळच कापूरहोळला नव्हता.

भिमाच्या नाकातून चहा आला. "अठराचं पंचवीस? दूध हाय व्हय रं, पानी वतलं की वाढलं?"

सगळे हसले. रियाज नाही हसला. तो माझ्याकडं बघत होता.

मालक हसले नाहीत. ते म्हणाले, "आठ दिस. रियाजचं मशिन तुज्या हातात. पंचवीस दिसलं तर माजी बाकीची पाच मशिनंबी तुजीच, आन् कापूरहोळची माजी शेड रिकामी हाय ती वापर. मिस्त्री म्हणून बस. न्हाई दिसलं तर गप घरी जायचं. माजा टायम खायचा न्हाई."

शेड मी पाहिली होती. हायवेला लागून, वर पत्रा, खाली कोबा, लाईटचं कनेक्शन. त्या दिवसापासून मला दुसरं काही दिसत नव्हतं.

—

पहिल्या दिवशी वीस होल झाले.

दुसऱ्या दिवशी पण वीस.

मशिनात चूक नव्हती, मी परत तपासलं. मग मला भिमाचा संशय आला. दोन्ही मशिनं एकाच कंप्रेसरवर. त्यानं त्याच्या बाजूचा कॉक पूर्ण उघडा ठेवला तर रियाजच्या मशिनला हवा कमी पडणार. तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या पायपापाशी जाऊन बसलो. कॉक बघितला, जोड बघितले, पायपावर कान लावला.

भिमा वरून ओरडला, "काय रं, पायपात सासू बोलतीया का?"

काही सापडलं नाही. पण त्या दिवशी रियाजचे चोवीस झाले. चौथ्या दिवशी पंचवीस.

मी बाळाबाईंच्या छपरात सगळ्यांना चहा सांगितला. मला वाटलं, मशिन बसलं. नवीन घासलेलं लोखंड एकमेकांवर बसायला दोन दिवस घेतं, हे खोटं नाही. मालक येऊन गेले, रियाजच्या पाठीवर थाप मारली, माझ्याकडं बघून मान हलवली. बस, एवढ्यानं मी त्या शेडीत बोर्ड कुठं लावायचा ते ठरवून टाकलं.

चहा पिताना भिमा माझ्या शेजारी सरकला. हळू आवाजात म्हणाला, "मशिन तेच. पायपा त्याच. एका दिसात चार होल कुठनं आलं?"

"मशिन बसलं."

"आन् मानूस? तुजा दोस्त आमच्या आदी तासभर वर जातो, म्हाईत हाय का? कंप्रेसर बंद असतो तवा. वर काय देव हाय का काय?"

मला माहीत नव्हतं.

त्यानं बोलून टाकलं आणि चहा संपवून गेला. माझ्या डोक्यात मात्र ते राहिलं.

—

आता जे लिहितोय ते लिहायची लाज वाटते.

मला वाटलं, रियाज मशिन खोलतोय. सकाळी एकटा वर जातो, मशिन खोलतो आणि आत आपलं काहीतरी करतो. माझ्या कामानं दोन होल वाढले, बाकीचे पाच त्याच्या कामानं. आठ दिवस झाले की मालकाला म्हणणार, कुमारनं काय केलं नाही, मी केलं. मग शेड कुणाला? तो भोरचा, त्याला कापूरहोळ काय लांब.

हे मला दोन मिनिटात सुचलं आणि एकदा सुचल्यावर सगळं त्यालाच जुळायला लागलं. तो जेवताना कमी बोलायचा, ते आठवलं. मी जवळ गेलो की मशिनवर फडकं टाकायचा, ते आठवलं. फडकं तो धुळीसाठी कायम टाकायचा, ते नाही आठवलं.

कंप्रेसरवर नंबर टाकायचा पिवळा रंग होता. संध्याकाळी सगळे खाली गेल्यावर मी मशिनच्या चारही बोल्टांवर रंगाची बारीक रेघ ओढली. अर्धी बोल्टावर, अर्धी मशिनवर. कुणी बोल्ट फिरवला की रेघ तुटणार.

पाचव्या दिवशी पंचवीस झाले. संध्याकाळी फडकं उचलून पाहिलं. चारी रेघा जशाच्या तशा.

मला बरं वाटायला पाहिजे होतं. नाही वाटलं. मशिन कुणी खोललं नाही, तर पाच होल कुठून आले? माझ्याच कामानं आले असं म्हणायला काहीच अडत नव्हतं. मालक तेच म्हणत होते. पण पहिले दोन दिवस वीस आणि मग एकदम पंचवीस, हे माझ्या डोक्याला पटेना. लोखंड बसलं तर हळूहळू वाढेल. उडी मारणार नाही.

—

कंप्रेसर खाली सपाटीला असतो, कातळ वर. मी कंप्रेसरपाशी. मला वरचं दिसत नाही, पण ऐकू येतं. सहाव्या दिवशी सकाळी मी काम सोडून फक्त ऐकत बसलो.

होल सुरू करताना मशिन वेगळं वाजतं. कोऱ्या कातळावर रॉडचं टोक घसरतं, नाचतं, तडतड तडतड करतं. चालवणारा पायानं रॉड दाबून धरतो, हवा थोडीच सोडतो. बोटभर खड्डा पडला की टोक धरतं. मग हवा पूर्ण सोडायची, मग आवाज एकसारखा जाड होतो. याला आमच्याकडं तोंड धरणं म्हणतात. कुणाचंही मशिन असू दे, तोंड धरल्याशिवाय होल होत नाही.

भिमाचं मशिन प्रत्येक होलाला तडतडत होतं. रियाजचं एकदा तडतडलं. दुसरा होल तडतडला नाही. एकदम जाड आवाज. तिसरा पण नाही. चौथा तडतडला.

मी उठलो. नाश्त्याला कंप्रेसर बंद झाला, माणसं खाली आली, तेव्हा मी उलटा वर गेलो. हातात बाळाबाईंचा तुपाचा रिकामा डबा. होल मारताना आतला खडक पिठासारखा बाहेर येतो आणि तोंडाशी ढीग होतो. वारा नव्हता. भिमाच्या एका होलाचा ढीग डब्यानं मोजला. दोन डबे आणि वर थोडं. रियाजच्या पहिल्या होलाचा, दोन डबे आणि वर थोडं. दुसऱ्याचा दीड. तिसऱ्याचा दीडला कमी.

काठी घालून पाहिली. सगळे पाच फूट.

पाच फूट होल आणि चार फुटाचंही पीठ नाही. बाकीचा खडक गेला कुठं?

मी तिथं बसून राहिलो. उत्तर मला तिथंच दिसायला पाहिजे होतं, मी त्यावरच बसलो होतो. पण माझ्या डोक्यात मशिनच होतं. मी म्हटलं, जोर एवढा वाढलाय का, की पीठ बारीक होऊन उडून जातं? खरंच असं म्हटलं. माणसाला शेड दिसायला लागली की काहीही सुचतं.

—

डबा परत द्यायला छपरात गेलो. बाळाबाई चुलीत लाकडं सारत होत्या. लाकडं म्हणजे बाभळीचे तुकडे, वीतभर, एका टोकाला तासून निमुळते केलेले. सगळे एका मापाचे.

"मावशी, ही लाकडं कुठली?"

"रियाज देतो की. रोज सकाळी पिशवीभर आनतो वरनं. गुनाचं पोरगं हाय. तू कदी काडी तरी आनलीस का?"

मी चुलीतून एक ओढून काढला. टोक जळलेलं होतं. दुसऱ्या टोकाला तांबड्या रंगाचा ठिपका.



ह्या खुंट्या गेनबा तात्यांच्या होत्या. तात्या सुरुंगवाले. संध्याकाळी होलात जिलेटिनच्या कांड्या भरायच्या आणि बार उडवायचे, हे त्यांचं काम. बार उडाला म्हणजे पाच फूट होल पूर्ण साफ होत नाही. वरचा कातळ फुटतो, पण तळाला होलाचं बूड राहतं, फूट-सव्वा फूट. मलबा काढल्यावर ते बूड खालच्या कातळात भोकासारखं दिसतं. आणि कधीतरी त्या बुडात एखादी कांडी न उडता राहते. हजारात एखाद्या वेळी. म्हणून तात्या मलबा निघाला की प्रत्येक बुडात बाभळीची खुंटी ठोकतात, डोक्याला तांबडा ठिपका देतात. खुंटी दिसली की तिथं रॉड लावायचा नाही. एक वीत सोडून नवीन तोंड धरायचं. कामावर कुणीही नवीन आला की तात्या पहिलं हेच सांगतात, नाव नंतर विचारतात.

खुंटी उपटली तर तयार भोक मिळतं. सव्वा फूट फुकट. तोंड धरायची कटकट नाही. काठी घातली की पाच फूट भरतं.

रियाज सकाळी वर जाऊन मशिन खोलत नव्हता. खुंट्या उपटत होता.

तेवढ्यात कंप्रेसर सुरू झाला.

—

मी पळालो. वर चढेपर्यंत ओरडत होतो पण मशिनच्या आवाजात कुणाला ऐकू येणार. रियाजच्या कानात कापूस. तो वाकून रॉड एका भोकात सोडत होता. मी त्याच्यापर्यंत गेलो नाही, मध्येच पायपाचा कॉक होता, तो फिरवला. हवा बंद. मशिन मेलं. ते बघून भिमानंही आपलं थांबवलं.

रियाज वळला. "कुमऱ्या, येडा झाला का? हवा का तोडली?"

मी खुंटी त्याच्यासमोर धरली.

त्यानं कानातला कापूस काढला आणि खिशात ठेवला.

"किती उपटल्या?"

"आज आठ-नऊ."

"तिसऱ्या दिवसापासनं किती?"

"मोजल्या न्हाईत."

"मरशील की रं, भडव्या!"

"तात्या बार नीट भरत्यात. आजवर एक बी कांडी राहिली न्हाई हितं. मी बघून लावतो."

"काय बघतो? भोकात डोळा घालतो का?"

आमचा आवाज ऐकून गेनबा तात्या आले. सत्तरीचे, बारीक, डोक्याला मफलर. त्यांनी माझ्या हातातली खुंटी घेतली, उलटीसुलटी केली. रियाजकडं बघितलं नाही. खिशातून तळहाताएवढा आरसा काढला. बार भरायच्या आधी ते त्या आरशानं ऊन होलात पाडून तळ बघतात. अकरा वाजले होते, ऊन कडक होतं.

रियाजनं सकाळी उपटलेल्या बुडांपैकी पाच-सहा अजून कोरी होती. तात्या एकेकापाशी उकिडवे बसत गेले. पहिलं बघितलं, पुढं सरकले. दुसरं, पुढं सरकले. ज्या भोकात रियाज रॉड सोडत होता ते शेवटी आलं. तिथला रॉड त्यांनी स्वतः दोन्ही हातांनी हळू वर घेतला, बाजूला आडवा ठेवला. आरसा धरला.

जरा तिरका करून ऊन तळापर्यंत नेलं.

मग म्हणाले, "कुमार, बग."

मी वाकलो. तळाला धूळ होती. धुळीत कांडीच्या कागदाची कड, बोटभर. कागद फाटलेला नव्हता.

"रियाज, तू बी बग."

रियाजनं बघितलं आणि तिथंच खाली बसला. रॉडचं टोक त्या कागदापासून किती लांब होतं, ते मी मोजलं नाही. मोजायची सवय असून नाही मोजलं.

तात्यांनी त्या भोकाभोवती तांबडी चिंधी बांधलेले चार गज उभे केले आणि सगळ्यांना खाली जायला सांगितलं. असा होल छेडायचा नसतो. दोन हात लांब दुसरा होल मारून दोन्ही मिळून उडवतात. ते त्यांचं त्यांनी दुपारी केलं. त्याआधी ते रियाजसमोर उभे राहिले. मला वाटलं मारतील.

"खुंट्या कमी दिसायच्या," ते म्हणाले. "मला वाटलं मलबा वडताना पोरांच्या पायानं निगाल्या. म्या रोज नवीन तासत बसलो. आन् तू त्या चुलीत घालत हुतास व्हय?"

रियाज म्हणाला, "चुकलं तात्या."

"माज्या हातनं कांडी राहिली, ती माजी चूक. ती तुज्या अंगावर आली असती तर लोकांनी माजं नाव घेतलं असतं. तुज्या आईला तोंड म्या दाखवायचं हुतं."

एवढं बोलून ते गेले. भिमा पण गेला.

—

आम्ही दोघं खालच्या दगडावर.

मी विचारलं, "का केलंस?"

"तू पंचवीस म्हणलास."

"मग?"

"मग काय मग. सगळ्यांसमोर म्हणलास. दोन दिस वीस आलं. तुजं थोबाड बगितलं म्या. पायपाला कान लावून बसला हुतास. अजून दोन दिस वीस आलं असतं तर मालकानं तुला हाकललं असतं."

"मला सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर तू करू दिलं असतंस का?"

मी म्हणालो, "मला वाटलं तू मशिन खोलतोयस. माझं काम आपल्या नावावर करायला. बोल्टावर रंगाच्या रेघा ओढल्या मी."

तो माझ्याकडं वळला. "तू माज्यावर पाळत ठेवली?"

"व्हय."

"आयला." तो हसला, पण ते हसू काही चांगलं नव्हतं. "म्या तुज्यासाठी खुंट्या उपटतोय, आन् तू रेघा वडतोयस. झ्याक दोस्ती हाय आपली."



—

दुपारी मालक आले. त्यांना अर्धं कुणीतरी सांगितलं होतं. छपरात उभे राहिले, चहा घेतला नाही.

"रियाज, खुंटी उपटलीस?"

"व्हय मालक. आज एक. घाईत."

तो माझ्याकडं बघत नव्हता. मला कळलं तो काय करतोय ते. एकच सांगितली तर आधीच्या तीन दिवसांचे चोवीस-पंचवीस शाबूत राहतात.

मालकांना पण कळलं असावं, माणूस कच्चा नाही. पण त्यांना जोरदार मशिन पाहिजे होतं. काम पावसाच्या आत संपवायचं होतं. ते माझ्याकडं वळले. "मंजी आजचं सोडलं तर बाकीचं पंचवीस खरंच की. काय रं मिस्त्री?"

मिस्त्री म्हणाले. पहिल्यांदा कुणीतरी मला मिस्त्री म्हणालं.

बाळाबाई चुलीपाशी, भिमा खांबाला टेकलेला, तात्या बाहेर दगडावर. मी व्हय म्हटलं असतं तर काम झालं होतं. तात्या बोलले नसते, त्यांना आकड्याचं देणंघेणं नव्हतं. भिमानं सगळं ऐकलं होतं, पण कुठल्या दिवशी किती उपटल्या हे त्यालाही माहीत नव्हतं. पाच मशिनं, शेड, कोबा, लाईट.

पण मग उरलेल्या पाच मशिनांवर पण पंचवीस दाखवावे लागले असते. कुणी दाखवले असते? त्या मशिनांवर पण कुणीतरी माणूस उभा असतो.

मी म्हणालो, "वीस, मालक."

"काय वीस?"

"माझ्या कामानं मशिन वीस मारतं. वरचे खुंट्यांचे. पंचवीस मी उगाच बोललो होतो. मोजलं नव्हतं."

रियाजनं डोळे मिटले.

मालकांनी एकदा रियाजकडं, एकदा माझ्याकडं बघितलं. "तुमी दोगं मिळून केलं का हे?"

"नाही."

"तुला म्हाईत नव्हतं?"

"आज कळलं."

"कसं खरं मानू? आकडा तू बोललास, भरला ह्यानं. म्या काय समजायचं?"

त्यांच्या जागी मी असतो तर मी पण मानलं नसतं. दोन दिवसांपूर्वी मी माझ्या दोस्ताचं मानलं नव्हतं, ते तर परके.

"अठराचं वीस," मालक म्हणाले. "दोन होलासाठी म्या ह्या पोरांच्यात सहा दिस घातलं. मशिन हुतं तसं करून दे आन् जा. रियाज, तू बी जा. माज्या कामावर खुंटी उपटणारा नगं."

मी म्हणालो, "होतं तसं नाही होणार मालक. कानशीनं घासलेलं परत भरत नाही."

मालक चिडून काहीतरी बोलणार होते. भिमा खांबावरून बोलला, "ऱ्हाऊ द्या की मालक. वीस तर वीस. दोन जादाच हायती. मला द्या त्ये मशिन."

मशिन भिमाला मिळालं. नंतर कळलं तो रोज वीस-एकवीस काढत होता, प्रामाणिकपणे, तोंड धरून. मी खोटा नव्हतो एवढं तरी ठरलं. पण ते ऐकायला तिथं मी नव्हतो.

—

वेल्ह्याच्या स्टँडवर दोघं एसटीची वाट बघत बसलो. रियाजची पिशवी पायाशी.

तो म्हणाला, "व्हय म्हणायचं हुतंस. म्या एकच खुंटी सांगितली हुती."

"ऐकलं मी."

"शेड गेली तुजी."

"तुझं काम गेलं."

"मला भेटंल कुठंतरी. सारोळ्याकडं पुलाच्या कामाला मानसं घेत्यात." मग थोड्या वेळानं, "अम्मीला काय सांगू?"

"खरं सांग."

"खरं सांगितलं तर ती मला मशिनला हात लावू देनार न्हाई."

"मग अर्धं सांग."

तो हसला. या वेळी जरा बरा हसला. एसटी आली नाही. एक बाई ज्वारीचं पोतं घेऊन आमच्या शेजारी बसली, परत उठून सावलीत गेली.

रियाज म्हणाला, "तुला खरंच वाटलं म्या तुजं काम चोरतोय?"

"वाटलं."

"कशावरनं?"

"कशावरनंच नाही. आकडा माझ्या हातात येत नव्हता, म्हणून कुणाच्या तरी हातात असणार असं वाटलं. आधी भिमाच्या वाटला, मग तुझ्या."

"आन् अजून वाटतंय का? खरं बोल."

मी खरं बोललो. "आत्ता नाही. पण मी पुढं आणखी मशिन करणार. हवा आत येते तिकडचं पण काहीतरी करता येईल, माझ्या डोक्यात आहे. आणि तेव्हा पण मी तोंडातून काहीतरी आकडा सोडीन. ती माझी खोड आहे. त्याचीच मला भीती वाटते."

"मंग?"

एसटीचा आवाज लांबून यायला लागला होता. बाई पोतं उचलायला आली.

मी म्हणालो, "मग असं. मी मशिन केलं की पहिलं तुझ्याकडं आणणार. तू चालवायचं, कोऱ्या कातळावर, आठ दिवस. मी मोजणार नाही, तू मोजायचं. आणि तू सांगशील तोच आकडा मी मालकाला सांगणार. एक होल वाढला असं म्हणालास तर एक सांगीन. कमी झाला म्हणालास तर कमी झाला म्हणून सांगीन, सगळ्यांसमोर. शब्द देतो."